माझ्या अंगाची वाटणी

पुण्याला जाण्याआधी डॉक्टरांनी माझ्या अंगाची वाटणी केली होती. डोळा एकाकडे, पाय दुसऱ्याकडे, मणका तिसऱ्याकडे. उरलेली मी, म्हणजे सारखी थकणारी आणि कुणावरही खेकसणारी बाई, कुणाच्याच वाट्याला आली नाही. डोळ्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले, हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, मणक्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं. वाटणी म्हणते खरी, पण वाटणीला निदान भाऊ समोरासमोर बसतात, भांडतात. ही माणसं एकमेकांशी कधी बोललीच नाहीत. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, जाईल असं वाटत नाही, आणि तो लपवून मी काही लिहू शकत नाही.

मी आष्टी तालुक्यातली. सीताफळांचा व्यापार करते. लग्न होऊन आले तेव्हा रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसायचे. पुढे डोंगराकडच्या बागा फळावर असताना उक्त्या, म्हणजे अख्ख्या बागेचा एकच भाव ठरवून, घेऊ लागले आणि माल पुण्याला पाठवू लागले. मला कुणी हे शिकवलं नाही. म्हणून ज्यांना नुकतंच मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव ऐकायला मिळालं आहे, त्यांना मी शिकवायला बसलेले नाही. माझं काय झालं ते सांगते. त्यातलं उपयोगाचं वाटेल ते उचला.

अंगठा

सीताफळाच्या डोळ्यांमधल्या भेगा पिवळसर होऊन उघडल्या की ते तोडायला आलं, हे नजरेला कळतं. पण ते पुण्यापर्यंत टिकेल का, हे अंगठा सांगतो. बेताने दाबलं की आतून जबाब येतो. एका हंगामात तो जबाब येईनासा झाला. मला वाटलं, फळच यंदा तसं आहे. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आडत्याचा फोन आला.

"अक्का, कॅरेटात सीताफळं भरली व्हती का बासुंदी?"

मी तोडणीच्या बायांना शिव्या घातल्या.  मग एकदा चहाचा गरम पेला हातात धरून मी बोलत उभी होते, आणि समोरची बाई ओरडली, "अवं अक्का, बोटं भाजत्यात की!" मला काहीच लागलं नव्हतं. नंतर फोड आले.

त्याच्या आधी एक डोळा अंधूक होऊन आपोआप सुधारला होता. पायात मुंग्या यायच्या, मान खाली घातली की पाठीतून वीज उतरल्यासारखं व्हायचं. या सगळ्या गोष्टी एकाच दुखण्याच्या आहेत असं मला वाटायचं कारण नव्हतं. पण ज्यांचं ते काम होतं, त्यांनाही वाटलं नाही.

मणक्याच्या ऑपरेशनला मी नाही म्हणाले, ते शहाणपणाने नव्हे. हंगाम तोंडावर होता आणि डॉक्टर फार घाई करत होते. समोरचा घाई करायला लागला की सौदा मोडायचा, एवढं मला कळतं.

नाव कळलं तो दिवस

मालक, म्हणजे माझे यजमान दत्तात्रय, आमचा टेम्पो चालवतात. पुण्याला माल उतरवायला गेलो असताना तिथल्याच एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी मला नेलं. मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणते. त्यांनी डोळ्यापासून पायापर्यंत सगळं एकाच खुर्चीत बसवून तपासलं. एमआरआय झाला. मग त्यांनी नाव सांगितलं आणि समजावलं, की शरीराची राखण करणारी फौज आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडते.

"म्हंजी कुंपनानंच शेत खाल्लं," मालक म्हणाले.

"बरोबर तेच."

"बरं व्हतंय का पन?"

"पूर्ण बरं होत नाही. ताब्यात ठेवता येतं."

"कुनाच्या ताब्यात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांच्या मिळून. माझ्या एकटीच्या ताब्यात हा आजार राहत नाही."

तेव्हा मला ते बोलणं म्हणजे जबाबदारी झटकणं वाटलं होतं.

बाहेर बाकड्यावर बसलो. मालक चहा घेऊन आले, तो निम्मा सांडलेला होता. घाटात भरलेला टेम्पो उतरवताना या माणसाने कधी एक कॅरेटही कलंडू दिलेलं नाही. मी रडले नाही. मला एकच दिसत होतं: बाजारात लोक उभे आहेत आणि मी बसलेली आहे, आणि बसलेल्या बाईशी कुणी भाव करत नाही. मला माझ्या पायांवर बाजारात उभं राहायचं होतं. पुढे जे काही केलं, बरोबर किंवा चूक, ते एवढ्यासाठीच.

घरातलं दुखणं

विलास माझा धाकटा दीर. माझ्या लग्नात तो शाळेत जात होता. फळ कसं पाहायचं, बागवाल्याशी कसं बोलायचं, सगळं माझ्या मागे फिरून शिकला. आजाराचं नाव कळल्यावर मी पुण्याच्या रुग्णालयात सलाइन लावून पडले होते तेव्हा तो डोंगराकडच्या बागवाल्यांकडे जाऊन आला आणि माझ्या बागा स्वतःच्या नावाने ठरवून आला. घरी आल्यावर एका बागवाल्याने सहज विचारलं, "अक्का, आता घरीच का? विलास म्हनला, वहिनीला जमायचं न्हाई."

मी विलासला अंगणात बोलावलं.

"तुझ्यासाठीच केलं, वहिनी. न्हाईतर बागा दुसऱ्यानं उचलल्या असत्या."

"मग माझं नाव घ्यायला तुझी जीभ झडली व्हती का रं?"

"आजारी मानसाच्या नावावं कोन बाग देतंय? तूच सांग."

मी हातातली बादली त्याच्या दिशेने फेकली. नेम चुकला. अंगठ्यासारखा हातही फसवायला लागला होता. त्याचं बोलणं मात्र नेमकं लागलं, कारण ते खरं होतं. पुढच्या हंगामात मी प्रत्येक बागवाल्याच्या दारात स्वतः गेले आणि बागा परत घेतल्या. विलासशी बोलणं बंद केलं. एका अंगणात राहून.

गुरुवारची माणसं

पुण्याला या आजारासाठी गुरुवारी वेगळी ओपीडी असते. मॅडम असतात. हातापायांचा व्यायाम घेणारा साहिल असतो, तरुण आणि चिवट. शोभा सिस्टर असतात, त्यांनी मला मांडीत इंजेक्शन घ्यायला शिकवलं. मनाचं ऐकून घेणाऱ्या एक बाई असतात. त्यांनी मला बोलवायच्या आधी मालकांना एकट्याला आत नेलं. मालक बाहेर आले ते तोंड धुऊन. आत काय बोलले ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून ते घरी माझ्यासमोर हसण्याचं सोंग करेनासे झाले, आणि मला बरं वाटलं.

ही सगळी माणसं माझ्या कामाची होती, आणि मी त्यांच्याशी बाजारासारखी वागले. ज्याला जेवढं सांगितल्याने माझा फायदा, त्याला तेवढंच. मॅडमना म्हणायचे, "झकास चाललंय," म्हणजे औषध वाढणार नाही. साहिलला म्हणायचे, "लई थकवा हाय," म्हणजे व्यायाम कमी होईल. सिस्टरना म्हणायचे, "काय न्हाई." बाजारात सगळं सांगणारा माणूस विकला जातो. हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की दुपारी ओपीडी संपली की ही माणसं एका खोलीत बसून एकेका रुग्णाबद्दल बोलतात.

तिसऱ्यांदा

हंगामात एका बाजाराच्या दिवशी माझे पाय गेले. गेले म्हणजे लाकडासारखे ताठ झाले आणि हलेनात. अंगात ताप होता. तोडणीच्या बायांनी मला फळांसारखं उचलून टेम्पोत ठेवलं. असं त्याआधी दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा जवळच्या दवाखान्यात जाऊन मी स्टेरॉइडचं सलाइन लावून घेतलं होतं, पुण्याला नंतर कळवलं होतं. या वेळी मालकांनी माझं ऐकलं नाही. टेम्पो सरळ पुण्याकडे वळवला. मी घाटापर्यंत त्यांना शिव्या देत होते.

तिथे एमआरआय झाल्यावर मॅडमनी आम्हालाही सगळे मिळून बोलतात त्या खोलीत बसवलं. मॅडम म्हणाल्या, "औषध चालू असताना तिसऱ्यांदा झालंय. हे औषध कमी पडतंय असं धरलं तर पुढचं द्यावं लागेल. ते जड आहे. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती बरीच खाली जाते, साधा जंतूसुद्धा महागात पडतो."

"द्या," मी म्हणाले. "पन हंगाम झाल्यावर."

"इथं भाव करायचा नाही, अक्का," साहिल म्हणाला. मग मॅडमकडे वळला. "मला एक खटकतंय. आजाराचा खरा झटका गेला तरी मागे काहीतरी ठेवून जातो. यांच्या पायांची ताकद दोन्ही वेळा होती तशी परत आली. आणि होतं ते हंगामातच."

"एमआरआयमध्ये मेंदूत किंवा मणक्यात नवा डाग नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी जुने कागद चाळले. "आणि दर वेळी ताप."

शोभा सिस्टर माझ्याकडेच बघत होत्या. "अक्का, बाजाराच्या दिवशी पाणी किती पिता?"

"पाण्याचा हितं काय संबंध?"

मालक बोलून गेले, "पीत न्हाई ती. सकाळी निघाल्यापास्नं घरी येईस्तवर घोटभर बी न्हाई."

"तुमाला कुनी इचारलं?" मी अशी ओरडले की बाहेरची माणसं आत डोकावली.

सिस्टरनी साहिलला आणि मालकांना बाहेर जायला सांगितलं. साहिलने जाताना दार ओढून घेतलं.

दार लावून

आमच्याकडच्या बाजारात बायांना जायला जागा नाही. पुरुष भिंतीच्या कडेला उभे राहतात. म्हणून आम्ही बाया पहाटे घरीच उरकून निघतो आणि परत घरी येईपर्यंत पाणी पीत नाही. भाजीवाली, बोंबीलवाली, मी, सगळ्याच. यात आजार नाही, हा बाजाराला बसणाऱ्या बायांचा रिवाज आहे. नवी पोरगी पाटी घेऊन बसली की जुनी बाई तिला पहिल्या दिवशी हेच सांगते. मीही कितीतरी जणींना सांगितलंय.

पण माझं एवढ्यावर नव्हतं. लघवी लागली की थांबवता येत नव्हती, आणि गेलं की पूर्ण होत नव्हती. कधी लुगड्यातच होत होती. मी टेम्पोत जुन्या कपड्याच्या घड्या ठेवायचे आणि फळांच्या चिकाचे डाग आहेत म्हणून सांगायचे. जितकी भीती वाढली, तितकं पाणी कमी केलं. घरी गेल्यावरही कमी.

हे मी खाली बघत सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?"

माझं डोकं फिरलं. "तुमी कावून इचारलं न्हाई?"

"विचारलं होतं. तुम्ही काही नाही म्हणालात."

"मालकांच्या म्होरं इचारलं व्हतं!"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "हो. ते माझं चुकलं."

एवढ्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरच्या तोंडून मी हे वाक्य ऐकलं नव्हतं. माझा राग एकदम टेकायला जागा नसल्यासारखा झाला. आता त्या ओपीडीत हा प्रश्न घरच्यांना बाहेर पाठवून विचारतात. ते मी माझ्या भांडणाचं फळ समजते.

तपासात लघवीत जंतू निघाले, मुरलेले. लघवीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून दाखवलं, की जाऊन आल्यावरही लघवीच्या पिशवीत बरंच राहतं. ते साचतं, नासतं, ताप येतो, आणि तापाने नसांवरच्या जुन्या जखमा जाग्या होतात. तो नवा झटका नव्हताच. औषध हरलं नव्हतं. जंतू अंगात असताना जड औषध दिलं असतं तर काय झालं असतं, ते मॅडमनी थोडक्यात सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही. नुसतं जंतूंचं औषध घेऊन, अंथरुणावर पडून राहून, थोड्या दिवसांत पाय परतले.

मला यात एकच सांगायचं आहे. साहिलला माझे पाय माहीत होते, मॅडमना डाग, सिस्टरना बाया, मालकांना मी. कुणा एकाला सगळं कळलं नसतं. मी तर सगळं माहीत असून दाबून बसले होते.

नळी आणि डोंगर

शोभा सिस्टरनी मला स्वतः नळी घालून पिशवी रिकामी करायला शिकवलं. पहिल्यांदा मी नळी फेकून दिली. त्यांनी दुसरी काढली. म्हणाल्या, "फेका, माझ्याकडं गठ्ठा आहे." मी शिकले. ठरलेल्या वेळाने, हात धुऊन, पाणी भरपूर पिऊन. कुणाला किळस वाटली तर वाटो. मला मांडीपर्यंत ओलं होऊन भाव करण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

दुसरी गोष्ट अवघड होती. साहिल म्हणाला, उन्हात डोंगर चढणं बंद. "अंग तापलं की पाय दगा देणार. औषधाने हे जाणार नाही. बाजारात उभं राहायचं की डोंगर चढायचा, दोन्हीला पुरेल एवढी ताकद नाही तुमच्यात. तुम्ही ठरवा."

"मग बाग कोन बघनार?"

 मालक खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इलास हाय की."

 मला डोंगर सोडायचं दुःख होतं, पण ते कुणाच्या हातात द्यायचं याचं जास्त होतं. घरी आल्यावर अंगणातूनच विलासला हाक मारली. इतक्या काळाने हाक ऐकून तो दचकला.

"बाग तू फिरायची. भाव मी करनार. नाव माझं."

"आन मी कोन मग? गडी?"

"चोर व्हतास, त्यापरीस बरंय की."

तो तडक आत निघून गेला. बायको त्याला काहीतरी बोलत असल्याचं ऐकू आलं. सकाळी टेम्पोजवळ येऊन उभा राहिला. मी माफ केलं नव्हतं, आणि त्याने माफी मागितलीही नव्हती.

डोंगराच्या पायथ्याशी

बाग डोंगराच्या उतारावर होती. मी खाली, मानेभोवती ओला पंचा गुंडाळून, झाडाच्या सावलीत खुर्चीवर. विलास वर जाऊन आला आणि चार फळं माझ्यापुढे ठेवली.

"सगळी सारखीच हायत."

"ही समदी उन्हाच्या बाजूची हायत. मला शिकिवतो का? वढ्याकडची आन."

तो कुरकुरत परत चढला. त्याची पाठ उतारावर लहान होत गेली. ती वाट मी कितीदा चढले होते. मी तिकडे बघायचं टाळलं, मग बघितलंच. तो खाली आला तेव्हा घामाने भिजला होता, आणि ओढ्याकडची फळं खरोखरच अजून कच्ची होती. एक त्याने माझ्या हातात दिलं, मग परत घेतलं आणि स्वतःच्या अंगठ्याने दाबलं.

"दोन दिवस लागतील ह्याला," तो म्हणाला. मी फळाच्या भेगांकडे पाहिलं. बरोबर होतं.

बागवाला यायचा होता. तेवढ्यात माझी वेळ झाली. आसपास घर नाही, झाडी विरळ, मालक टेम्पो लावून पलीकडच्या वस्तीवर दोर आणायला गेलेले. पूर्वी मी दात आवळून बसले असते. सौदा अर्ध्यावर टाकून घरी पळाले असते, किंवा तिथेच भिजले असते आणि त्याचा राग बागवाल्यावर काढला असता. समोर फक्त विलास होता. ज्याने माझ्या आजारपणाचा बाजार केला, तो.

मी पिशवीतून नळीची पुडी आणि पाण्याची बाटली काढली.

"टेम्पो हिकडं आडवा लाव," मी म्हणाले. "आन तिकडं त्वांड करून हुबा ऱ्हा. माझं लघवीचं दुखनं हाय. नळी लावावी लागती. कुनाला फुडं येऊ देऊ नको."

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं.  जाऊन टेम्पो आडवा लावला, उतरला, आणि माझ्याकडे पाठ करून वाटेच्या मधोमध उभा राहिला. मी हात धुतले. बोटं हट्टी होती, वेळ लागला. तो हलला नाही.

बागवाला लांबून येताना दिसला. "काय रं इलास, भाव कुनाशी बोलायचा?"

"वहिनीशी," विलास ओरडला. "पन थांबा तितंच. ती म्हनल तवा या."